टीबीच्या गोळ्या हातात, आहाराचे पैसे बँकेत

अण्णा, म्हणजे माझे सासरे, टीबीतून ठणठणीत बरे झाले आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बँकेबद्दल, आणि तिचं नाव मी इथे लिहिणार नाही.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग. अण्णांना खोकला लागला तेव्हा घरादाराने एकच निदान केलं: फवारणी. हंगामात इकडे खोकत नाही असा माणूस शोधावा लागतो, त्यात अण्णांची बिडी. आशाताई टीबी शोधण्याच्या मोहिमेची यादी घेऊन दारात आल्या. साठीच्या पुढचे, बिडी-तंबाखूवाले, शुगर असलेले, अशांची घरोघरी चौकशी चालली होती. दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का. अण्णा "मला काय धाड भरलीय" म्हणून बागेत निघून गेले. ताई संध्याकाळी परत आल्या आणि बेडक्यासाठी डबी ठेवून गेल्या.

पुढचं सगळं इतकं सरळ झालं की सांगण्यासारखं फार नाही. आमचं ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. मशीनवर बेडका तपासला, एक्स-रे काढला, शुगर आणि एचआयव्हीची तपासणी केली आणि गोळ्या सुरू झाल्या. वजन बघून गोळ्यांची संख्या ठरते. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. घरातल्या सगळ्यांना बोलावून तपासलं. माझ्या धाकट्याला आजार नव्हता, तरी लहान मूल म्हणून प्रतिबंधाचं औषध दिलं. ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्यांना तिथली सिस्टर रोज नागली, शेंगदाणे, अंडी, मोड आलेली मटकी यावर बोलते, कुणी ऐको न ऐको. तिशीच्या पुढचा माणूस पाय मुरगळला म्हणून आला तरी त्याचं बीपी आणि शुगर बघितल्याशिवाय सोडत नाहीत. टीबीचे सुपरवायझर तर गोळ्या न्यायला दोन दिवस उशीर झाला की फोन करतात. आमच्याकडे लोक उगाच नाशिकला त्र्यंबक नाक्यावरच्या सिव्हिलला पळतात.

लघवी लाल-नारिंगी झाली म्हणून अण्णांनी एकदा गोळ्या बंद केल्या होत्या. तो रंग औषधाचाच असतो, घाबरू नका. डोळे पिवळे झाले किंवा अन्नावरची वासनाच उडाली, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

आता पैशांचं. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून पैसे मिळतात. पूर्वी महिन्याला 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. निदान झाल्यावर 3,000 आणि 84 दिवसांचे उपचार झाल्यावर आणखी 3,000, थेट खात्यात. सुपरवायझरांनी पासबुकाची झेरॉक्स मागितली, मी दिली, विषय संपला असं वाटलं. काही दिवसांनी त्यांचा फोन: "ताई, बाबांचं खातं सिस्टिम घेत नाहीये."

खातं अण्णांनी निफाडकडे कामाला होते तेव्हा काढलेलं. ती बँक 2020 साली दुसऱ्या बँकेत विलीन झाली, त्यामुळे पासबुकावरचा आयएफएससी कोड, म्हणजे शाखेच्या ओळखीचा कोड, बाद. हे कळल्यावर मी तालुक्याच्या शाखेत गेले. तिथे समजलं की दोन वर्षांत एकही व्यवहार नसल्यामुळे खातंही निष्क्रिय आहे. केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करा म्हणाले. करा. काउंटरवरच्या साहेबांनी आधी सांगितलं, "मूळ शाखेत जा." मग म्हणाले, इथे होईल, पण माणूस समोर पाहिजे. माणूस घेऊन गेले. अण्णांना मास्क लावून, दोन हातांत कागदपत्रांच्या दोन पिशव्या देऊन बसवलं. मशीनवर अंगठा लावला, जुळला नाही. दुसरा लावला, नाही. उभी हयात विळा आणि कात्री धरलेल्या बोटांवर रेषा उरणार कुठून? साहेब म्हणाले, "आधार केंद्रात जाऊन बोटं अपडेट करा, मग या." आधार केंद्रावर मुलांच्या शाळेच्या दाखल्यांची गर्दी, आणि सर्व्हर बंद.

परत बँकेत. "जेवणाची सुट्टी." परत. "जे टेबल बघतात ते रजेवर." एकदा दवाखान्याचा कागद काउंटरवर ठेवला तर साहेबांनी तो पेनाच्या टोकाने सरकवला आणि खुर्ची मागे घेतली. गोळ्या नियमित सुरू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप उतरतो, अण्णांचे तर दोन महिने होत आले होते. हे मी तिथे मोठ्याने सांगितलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. अण्णा बाहेर येऊन म्हणाले, "जाऊ दे बाई, तीन हजारासाठी आपली शोभा नको." मला त्याचाच जास्त राग आला. शोभा कुणाची होत होती?

नवं खातं काढा, असं गावात सगळ्यांनी सांगितलं. पण नव्या खात्यालाही अंगठाच मागणार होते, आणि जुन्यात अण्णांच्या मजुरीचे थोडे पैसे पडून होते, ते का सोडायचे?

मी बी. कॉम. आहे. लग्नानंतर त्या डिग्रीचा उपयोग भिशीच्या हिशोबापुरता झाला होता. त्या रात्री बसून रिझर्व्ह बँकेची निष्क्रिय खात्यांबद्दलची सूचना वाचून काढली. जानेवारी 2024 मध्ये निघालेली, 1 एप्रिल 2024 पासून लागू. तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे: केवायसी कुठल्याही शाखेत करता आली पाहिजे, खातं पुन्हा सुरू करायला शुल्क घ्यायचं नाही, निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावायचा नाही. म्हातारपणामुळे बोटं जुळत नसतील तर कागदपत्रांवर केवायसी करून घेता येते, तेही नियमातच आहे. मग साध्या मराठीत अर्ज लिहिला: खातं असं, अडचण अशी, वय इतकं, सोबत आधारची प्रत, फोटो आणि दवाखान्याचा कागद. खाली एक ओळ: लेखी उत्तर द्यावे, अन्यथा तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन. दोन प्रती केल्या, एकीवर आवक शिक्का मागितला.

शिक्का मारायला ते तयार नव्हते. "राहू द्या ना ताई, आपण करून टाकू." मी म्हटलं, करा, पण शिक्का आधी. तेवढ्यावर मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. अण्णांना आत बसवलं, पाणी दिलं, फॉर्म भरून घेतला, सही घेतली. अंगठा कुणी मागितला नाही. खातं सुरू झालं, नव्या कोडचं पासबुक मिळालं आणि सुपरवायझरांनी ते नोंदवलं. अण्णांचं वजन तोवर वाढलं होतं, अंडी मी उधारीवरच खाऊ घातली होती. दोन्ही हप्ते मागेपुढे आले.

म्हणून सांगते, घरात कुणाचं निदान झालं की गोळ्यांच्या पहिल्या आठवड्यातच खात्यात शंभर रुपये भरून बघा. भरले गेले म्हणजे झालं असं नाही, निष्क्रिय खात्यातही पैसे भरता येतात. लगेच शंभर काढूनही बघा. पासबुकावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर ताडून घ्या. निक्षय आयडी, म्हणजे रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, दवाखान्यातून लिहून घ्या, पुढे विचारपूस करताना तोच लागतो. आणि पैशांवरून दवाखान्यातल्या माणसांशी भांडू नका. आमच्या वाडीत एकाने सुपरवायझरांनाच चोर ठरवून गोळ्या सोडल्या होत्या, आशाताईंनी महत्प्रयासाने त्याला परत आणलं.

एक राहिलंच. पैसे आले तेव्हा आम्हाला मेसेज आला नाही, कारण खात्याला जोडलेला नंबर निफाडच्या काळातला, कधीच बंद पडलेला. पहिला हप्ता आला आहे हे पासबुक छापल्यावर कळलं. केवायसीच्या फॉर्मवर मोबाईलचा रकाना असतो, तो तिथेच समोर भरून घ्या.