आमची वाटचाल : आरोग्याचा मजकूर आणि एक नोटीस

मिरजेत डॉक्टर भरपूर, पण त्यांच्या वेबसाइटसाठी मराठीत नीट लिहून देणारे कमी. तेवढ्यावर आमच्या फर्मचं काम सुरू झालं. पहिली वर्षं ठीक गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते नोटिशीचं.

मेथी आणि मधुमेहावरचा आमचा लेख एका प्रतिस्पर्ध्याने उचलला. तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, सगळं खरवडून काढलं. वर मथळा चढवला, 'मधुमेह मुळापासून बरा', आणि खाली चूर्णाच्या डब्याचं 'आत्ताच मागवा'चं बटण. चित्राच्या कोपऱ्यातला आमचा शिक्का तेवढा पुसायचा राहिला. तक्रारदाराने तो पाहिला आणि नोटीस आमच्या दारात आली.

धोका केवढा, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. आक्षेपार्ह जाहिरातींच्या 1954 च्या कायद्याला 54 आजारांची यादी जोडलेली आहे. मधुमेह, कॅन्सर, मोतीबिंदू, मुतखडा, लठ्ठपणा सगळे तिच्यात. यांतलं काही अमुक औषधाने बरं होतं, असं जाहिरातीत म्हटलं की गुन्हा झाला. पहिल्या खेपेला 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जाहिरातीची व्याख्या तर प्रकाश, ध्वनी आणि धुरापर्यंत नेलेली, तेव्हा मोबाइलचा पडदा त्यातून सुटेल ही आशा नको. वर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. शिफारस करणाराही त्यात येतो. दाव्याची आधी नीट शहानिशा केली होती हे दाखवता आलं तरच तो सुटतो.

ते दाखवता आलं फाईलमुळे. प्रत्येक लेखाची वेगळी फाईल : कोणतं वाक्य कुठून घेतलं, डॉक्टरांचा दुरुस्त मसुदा आणि होकाराची ईमेल, प्रसिद्ध झालेल्या पानाची तारखेसह पीडीएफ, नंतर बदल केला तर जुनी प्रतही. पीडीएफ काढली की लगेच तिची हॅश किंमत (फाईलवरून संगणकाने काढलेला कोड, फाईल जराही बदलली की तोही बदलतो) टिपून ठेवायची. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात ती मागतात. नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

नोटिशीची कुणकुण लागताच निम्मे डॉक्टर गळाले. एक मधुमेहतज्ज्ञ मॅडम राहिल्या. त्यांनी आपल्याकडचा सगळा पत्रव्यवहार काढून दिला, वर पुढच्या कामाचे पैसे आगाऊ. त्यांची लाल शाई म्हणजे आमची शाळा. आमच्या लेखकाने लिहिलं होतं, 'रोज मेथीचं पाणी प्या, साखर उतरते.' मॅडमनी केलं : 'मेथीने साखर थोडी कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा, चालू औषध बंद करू नका.' पहिलं वाक्य वाचून माणूस गोळी सोडतो, आणि मग प्रकरण निष्काळजीपणावर जातं.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. 'हा वैद्यकीय सल्ला नाही' ही ओळ तळाला बारीक अक्षरात चिकटवून वरच्या वाक्याचं पाप धुतलं जात नाही. डॉक्टर नसलेला माणूस तज्ज्ञाच्या थाटात बोलणार असेल, तर आपलं बोलणं डॉक्टरी सल्ल्याची जागा घेत नाही, हे ऑगस्ट 2023 च्या केंद्राच्या सूचनांनुसार ठळकपणे सांगायलाच हवं. 'पाणी प्या, चाला, झोप घ्या' एवढ्याला सूट आहे, पण त्याला एखादा आजार किंवा माल जोडला की सूट संपली. लेखात डोस लिहू नका. 'मी ही गोळी घेऊ का?' असं वाचकाने विचारलं तर हो किंवा नाही, काहीच कळवू नका. ते एका माणसाला दिलेलं उत्तर होतं, आणि तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचाच. पेशंटच्या 'मी बरा झालो' छापाच्या व्हिडिओला तर आम्ही हातच लावत नाही. डॉक्टरांवर 2002 च्या आचारसंहितेची जाहिरातबंदी आहे, ते आमच्यामुळे कशाला अडचणीत यायला हवेत?

फाईल दाखवल्यावर नोटीस मिटली. चोरीचं मात्र तसंच राहिलं. कॉपीराइटच्या नियमांप्रमाणे होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर ती वेबसाइट आहे त्याच्याकडे, लेखी तक्रार केली की त्याने 36 तासांत मजकूर अडवायचा. पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणून दिला नाही, तर तो पुन्हा खुला करायला मोकळा. वकिलाची फी ऐकून आम्ही गप्प बसलो. पान परत आलं, फक्त या वेळी शिक्का पुसून.

त्या प्रतिस्पर्धी फर्मचा भाव आमच्या निम्मा आहे आणि आमचे गळालेले काही डॉक्टर आज तिच्याकडेच आहेत. 'सर्व लेख डॉक्टरांनी तपासलेले' असं तिच्या जाहिरातीत असतं. कोणत्या डॉक्टरांनी, नोंदणी क्रमांक काय, हे कुठेच नसतं.