निर्वासित मूल, पटकी आणि अकरा पैशांचं पाणी

युद्धात मुलं मरतात म्हटलं की डोळ्यांसमोर बॉम्ब आणि गोळ्या येतात. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) भारतात आलेली कितीतरी मुलं त्यातून वाचली आणि सीमेच्या अलीकडे, छावणीत, जुलाबाने गेली. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली. वर्ष संपेपर्यंत जवळपास एक कोटी माणसं भारतात आली होती.

दिवसचे दिवस चालणं, ऐन पावसाळा, तहान लागली की डबक्यातलं नाहीतर भातखाचरातलं पाणी. छावणीत ताडपत्रीखाली ओली जमीन. कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेकमध्ये तर कुटुंबं सिमेंटच्या मोठ्या पाइपांत राहत होती. शौचाची सोय अपुरी, त्यामुळे पाऊस पडला की सगळी घाण पाण्यात. मग पटकी, म्हणजे कॉलरा, येते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, उलट्या, पिंडऱ्यांत गोळे. १० किलोच्या मुलाच्या अंगातून एक लिटर पाणी गेलं की ते मरणाच्या दारात असतं, आणि पटकीत एवढं पाणी काही तासांत जातं. डोळे खोल जातात, रडताना अश्रू येत नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते. आधी मूल भांड्यावर झडप घालून पाणी पितं, नंतर मागेनासंच होतं. निजलं, शांत झालं असं घरच्यांना वाटतं, तीच सगळ्यात धोक्याची वेळ.

पश्चिम बंगालच्या सीमेवर, जेसोर रस्त्यावरच्या बनगावात जूनमध्ये हेच चाललं होतं. तिथल्या छोट्या रुग्णालयात खाटा संपल्या, रोगी जमिनीवर. सलाईनचा साठा संपत आलेला आणि सुई लावणारे हात मोजके. कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातून आलेल्या डॉ. दिलीप महालनाबीस यांनी तेव्हा तोंडाने द्यायच्या द्रवावर सगळी भिस्त ठेवली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधं मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात वजन करून प्लास्टिकच्या पिशव्या भरायच्या, गरम इस्त्रीने तोंड बंद करायचं, बनगावात पिंपातल्या पिण्याच्या पाण्यात विरघळवायचं. लिटरभराच्या सामानाला खर्च ११ पैसे. पार गळून गेलेल्याला आधी सलाईन, शुद्धीवर आला की पाजायला सुरुवात. ज्याला पिता येतं त्याला पहिल्यापासून तोंडानेच.

पाजायचं कुणी? आईने, आजीने, मोठ्या भावंडाने. माझ्या मते या सगळ्यातला खरा धाडसी निर्णय हाच होता. या द्रवाचा गुण आधीच सिद्ध झालेला होता. पण तो निर्वासित बाईच्या हाती विश्वासाने सोपवणं तेव्हाच्या वैद्यकाला मानवणारं नव्हतं. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपासचा ३.६ टक्क्यांवर आला. महालनाबीस यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

याच काळात, १५ नोव्हेंबर १९७१ पासून, देशभर टपालावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. घरातल्या जुन्या पाकिटांवर ते अजून सापडेल.

मिठाबरोबर साखर का, हे एकदा कळलं की प्रमाण विसरत नाही. पटकीतही आतड्याची एक वाट शाबूत राहते: ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि मागोमाग पाणी जातं. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जाऊन जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढून लहान मुलाला झटके येऊ शकतात.

या द्रवाचं आजचं रूप म्हणजे ओआरएस. त्याच्या पाकिटात लिटरला ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. एका लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणं ही नेहमीची चूक, आणि मीठ चढतं ते तिथेच. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. उपाशी ठेवलं की आधीच वाळलेलं मूल आणखी खचतं. २४ तासांनी उरलेलं द्रावण ओतून टाकायचं. मूल पेंगत असेल, पीत नसेल, तर घरचे उपाय सोडून तातडीने सलाईन.

बांगलादेशात २०१७ मध्ये म्यानमारमधून पळालेली रोहिंग्या कुटुंबं कॉक्स बझारला पोचली, तेव्हा ऑक्टोबरमध्येच पटकीची तोंडाने द्यायची लस सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांना दुसरा डोसही मिळाला. पटकीची मोठी साथ आली नाही. घटसर्पाची (डिप्थेरियाची) मात्र आली, कारण म्यानमारमध्ये या मुलांना लहानपणीच्या लशी फारशा मिळालेल्याच नव्हत्या.