ऑनबोर्ड एअर अपडेट: हवा अखेर टाकीत मुक्कामाला राहिली

मंडळी, ऑनबोर्ड एअर म्हणजे टायरमध्ये हवा भरायला गाडीतच बसवलेला कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी. काल रात्री त्या टाकीच्या गेजचा काटा 142 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) असताना झोपलो आणि सकाळी तो 138 वर होता. मागचे अपडेट ज्यांनी वाचलेत त्यांना या 138 ची किंमत कळेल, कारण आजवर सकाळी काटा शून्याच्या खुंटीला टेकलेलाच असायचा.

आणि हे जे चार पीएसआय कमी झाले तेही गळतीत धरू नका. रात्री झाकपाक केली तेव्हा 30 अंश होते, पहाटे 22. बंद टाकीतली हवा गार झाली की दाब उतरणारच. गेजवरचे 142 म्हणजे वातावरणाचा दाब मिळवून साधारण 157. 303 केल्विनवरून 295 वर आलो की त्यातले चार जातात. दुपारी गाडी उन्हात तापल्यावर काटा पुन्हा 142 ला जाऊन बसला. ते बघायला जेवण अर्धवट टाकून खाली पार्किंगमध्ये गेलो, घरच्यांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

सेटअप तोच आहे: मारुतीची जिप्सी किंग, मागच्या डाव्या आडव्या सीटखाली सिंगल सिलिंडर ऑइल-लेस कॉम्प्रेसर (150 पीएसआय, कमाल 30 अँपिअर), शेजारी पाच लिटरची टाकी, प्रेशर स्विच 110 ला चालू आणि 145 ला बंद. इनटेक फिल्टर होजने वर, हूडच्या पाइपापर्यंत नेलाय, म्हणजे ओढ्यात पाणी सीटला लागलं तरी कॉम्प्रेसर पाणी पिणार नाही. बाहेर मागच्या बंपरमध्ये क्विक कपलर, म्हणजे होज झटकन जोडायचं तोंड. एवढं सगळं बसून बराच काळ झालाय. चालत मात्र नव्हतं.

दुखणी दोन होती. एक, रात्रीत टाकी रिकामी. दुसरं जास्त डोकं फिरवणारं. रिकाम्या टाकीपासून कॉम्प्रेसर मस्त सुरू व्हायचा, दीडेक मिनिटात 145, खट्ट करून बंद. मग हवा वापरायची, काटा 110 ला यायचा, रिले ओढायचा आणि मोटर नुसतीच 'गुंऽऽ'. फिरायची नाही. कधी एक हिसका देऊन निघायची, नाहीतर 40 चा फ्यूज उडायचा. म्हणजे पहिला टायर भरायचा आणि दुसऱ्या टायरला फ्यूज शोधत बसायचं.

गळतीसाठी साबणाचं पाणी झालं. सुरुवातीला थ्रेडवर बुडबुडे होतेच. कॉम्प्रेसर अमेरिकन, म्हणजे आटे एनपीटी मापाचे. आपल्याकडे भोसरीला जा नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, काउंटरवर हात जाईल ते फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं. पाव इंचीत एनपीटीला इंचाला 18 आटे, बीएसपीला 19, शिवाय आट्याचा कोन एकाचा 60 अंश आणि दुसऱ्याचा 55. दोन-तीन आटे गोडीगुलाबीने जातात, दुकानदार म्हणतो "बसतंय की साहेब, टेफ्लॉन मारा." बसत नाही. टेफ्लॉनचे कितीही वेढे द्या, गरम-गार होऊन महिनाभरात ते सुटतं. मी एका लेथवाल्याकडून पितळेचे अडॅप्टर वळून घेतले, एका बाजूला एनपीटी, दुसऱ्या बाजूला बीएसपी, आणि टेपऐवजी लॉक्टाइट 577 हे आटे सील करणारं द्रव्य लावलं. टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसण्याची भानगडही संपली. त्यानंतर एकाही जॉइंटवर बुडबुडा नाही. पण सकाळी काटा शून्यच.

मोटर अडण्यासाठी सगळ्यांचं एकच मत पडलं होतं, केबल. माझंही तेच होतं. बॅटरी पुढे बॉनेटमध्ये, कॉम्प्रेसर मागे, जाऊन-येऊन आठ मीटर. आधी 6 स्क्वेअर एमएम होती. तिचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला तीन मिलिओहमच्या थोडा वर, म्हणजे 30 अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. आणि अडलेली मोटर 30 वर थांबत नाही, क्लॅम्प मीटरवर 80 च्या पुढे आकडा गेला. मोटरच्या टर्मिनलवर तेव्हा 9 व्होल्ट. मग बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून 16 स्क्वेअरची केबल आणली, कॉपरचे लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले, अर्थही बॉडीवर न देता थेट बॅटरीपर्यंत ओढली. (वेल्डिंग केबल वापरावी का, असं इथे कुणीतरी विचारलं होतं. लवचीक असते, स्वस्त पडते, पण पेट्रोल-ऑइलजवळून न्यायची असेल तर रबराच्या इन्सुलेशनवर माझा भरवसा नाही.) व्होल्टेज सुधारलं, हेडलाइट मिचकावायचे थांबले. मोटर अडतच होती. शेवटी दुसरी बॅटरी सीटशेजारी ठेवून हातभर केबलने थेट जोडली, तरी 110 ला 'गुंऽऽ'. तिथे केबलचा विषय माझ्यापुरता मिटला.

मग टाकी आणि कॉम्प्रेसरच्या मध्ये एक पितळी बॉल व्हॉल्व्ह टाकला. खरं तर हे सगळ्यात स्वस्त काम. व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवलं, टाकीतली हवा जागच्या जागी. म्हणजे टाकी, गेज, स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह, कपलर, सगळे निर्दोष. उघडा ठेवला की सकाळी शून्य. गळती कॉम्प्रेसरच्या बाजूला, आणि तिथे तर साबणाला एक बुडबुडा नाही! मग साबण न लावलेलं भोक एकच उरलं, हवा आत घेण्याचं.

फिल्टर काढला आणि इनटेक होजचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. कुणी करून बघणार असाल तर आधी फ्यूज काढून खिशात ठेवा. ऐन वेळी स्विच लागला तर पिस्टन तो ग्लासच पिऊन टाकेल. टोक बुडवलं आणि बुड… बुड… बुड. एका लयीत, संथ. टाकीतली हवा एनआरव्हीतून (हवेला एकाच दिशेने, टाकीकडेच जाऊ देणारा व्हॉल्व्ह) मागे, तिथून रीड व्हॉल्व्ह (कॉम्प्रेसरच्या हेडमधल्या पातळ पट्टीच्या झडपा) आणि पिस्टन रिंगच्या फटीतून, फिल्टरवाटे हूडखाली. दोन्ही दुखण्यांचं मूळ तिथेच होतं. एनआरव्ही गळत असल्याने हेडवर कायम टाकीचा दाब. रिकाम्या टाकीला मोटर निघायची कारण समोर काहीच नसायचं. 110 ला पिस्टनच्या डोक्यावर पहिल्याच फेऱ्यापासून 110 बसलेले. एवढ्याशा डीसी मोटरला तो पहिला फेरा कुठून पूर्ण होणार? मी मात्र इतके दिवस तिला जास्त व्होल्ट पाजत होतो.

एनआरव्ही खोलला. आत नायट्राइल रबराची चकती, स्प्रिंगने सीटवर दाबलेली. चकती कडक झालेली, मधोमध गोल खड्डा, कडेला केसाएवढी चीर. नखाने दाबली तर दबेना. नायट्राइल साधारण 100 अंशांपर्यंतचं काम, आणि हा एनआरव्ही किटमध्ये लीडर होजच्या (हेडपासून टाकीकडे जाणारी होज) अलीकडे, थेट हेडच्या तोंडावर येईल अशाच बेताने जोडून आलेला. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं बूड कसं चटका देतं तसं. इथे तर 10 बार. टेम्परेचर गन लावली: दोन मिनिटं चालवल्यावर हेडच्या आउटलेटला 130 च्या घरात, दोन फुटी स्टीलच्या ब्रेडेड होजच्या पलीकडे, टाकीच्या तोंडाला 60. किट विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण रबरी सीटचा एनआरव्ही हेडवर बसवून देणाऱ्याने स्वतः ते किट कधी चालवलं असेल असं वाटत नाही. याच कारणाने लीडर होजच्या जागी पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकचा) पाइप लावू नका. पीयू टाकीच्या पुढे ठीक. मी तिथे 8 एमएम पीयू आणि पुश-फिट वापरलेत, काही तक्रार नाही.

नवा एनआरव्ही व्हिटॉन सीटचा, हे रबर 200 अंशांपर्यंत ऐकतं, आणि तो आता होजच्या टाकीकडच्या टोकाला. हेड आणि एनआरव्हीच्या मधला जो होजभर दाब उरतो तो बंद झाल्यावर रिंगमधून अर्ध्याएक मिनिटात आपोआप निघून जातो. 110 ला मोटर आता पहिल्या झटक्यात निघते. जुनी केबल परत लावून बघितली, तरीही निघते. 16 स्क्वेअर काढणार नाही पण, लग फार सुरेख बसलेत.

एक कुरकुर बाकी आहे. ब्लोगनने सीटखालची माती उडवत बसलो की बंद आणि चालू यात काही सेकंदच जातात. 145 ते 110 मध्ये या टाकीत मोकळी हवा बारा लिटर, ती ब्लोगन बघता बघता संपवते, होजमधला दाब तोवर उतरलेला नसतो आणि मोटर पुन्हा कण्हते. गॅरेजच्या मोठ्या कॉम्प्रेसरवर बंद होताना जो 'फुस्स' आवाज येतो तो अनलोडर, हेडवरचा दाब सोडून देतो. तसा पोर्ट असलेला प्रेशर स्विच लावायचा बेत होता. पण त्यापेक्षा 12 व्होल्टचा नॉर्मली ओपन सोलेनॉइड (विजेवर चालणारा, वीज नसताना उघडा राहणारा व्हॉल्व्ह) होजवर टी टाकून लावावा असं आता वाटतंय. वायर मोटरच्या वायरलाच समांतर. मोटर चालू तर सोलेनॉइड बंद, मोटर बंद की तो उघडा आणि फुस्स. वेगळा स्विच नको, रिले नको.

हा बारा लिटरचा हिशोब मांडताना आणखी एक बेत बोंबलला. दहा लिटरची दुसरी टाकी चेसिसला लावणार होतो, ब्रॅकेटची चित्रंसुद्धा काढून झाली होती. माझे 215/75 आर 15, एका टायरच्या आत अंदाजे 45 लिटर. 14 वरून 28 पीएसआयला न्यायचा तर तेवढीच, साधारण 43 लिटर मोकळी हवा लागते. पाच लिटरची टाकी 145 वरून 28 पर्यंत उतरवली तर मिळतात 40. दहाची आणखी लावली तरी एका दमात तीन टायरसुद्धा धड होत नाहीत, आणि मग त्या टाक्या भरायला तोच सिंगल सिलिंडर. त्याची ड्यूटी सायकल 100 पीएसआयला 33 टक्के, म्हणजे तासात वीस मिनिटं, तीही 22 अंशांच्या हवेत. आपल्या एप्रिलात त्याहून कमीच धरा. दुसरी टाकी रद्द. पाचची राहू दे, बीड (टायरची रिमवर बसणारी कड) बसवताना तिचा दणका लागतो.

त्या पैशात चार तोंडांची होज करतो. चारही टायर एकदम जोडले की ते आपसात समपातळीला येतात, प्रत्येक टायरपाशी गेज घेऊन उकिडवं बसणं संपलं, आणि कॉम्प्रेसर 145 शी झगडण्याऐवजी 20-25 पीएसआयवर आरामात जास्त हवा देतो. डिसेंबरात जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत उतरायचंय, तिथे 12-14 वर हवा सोडायची आणि संध्याकाळी डांबरावर येताना परत भरायची. त्याआधी होज हवी.

प्रेशर हॉर्न कधी, असं विचारणाऱ्यांना: नाही. बहुसुरी आणि कर्कश हॉर्नला मोटार वाहन नियमांत 119 प्रमाणे बंदी आहे, आणि ती नसती तरी घाटात मागून तो वाजला की मला स्वतःला शिव्या येतात.

सोलेनॉइडसाठी मात्र मदत हवी. दुकानात मिळतायत ते पाव इंची, 10 बार रेटिंगचे. माझा कट-ऑफ 145, म्हणजे बरोबर 10 बार. काठावरचा माल मला नको. डायरेक्ट ॲक्टिंग, दीड-दोन एमएम ऑरिफिस, 16 बार, व्हिटॉन सील, 12 व्होल्ट डीसी आणि नॉर्मली ओपन, असा पुण्यात सुटा एक नग कुणी देतं का? 24 व्होल्टचे ढिगाने आहेत, ते सुचवू नका.