तुम्ही विचारलंत म्हणून: मध्यस्थी शिकायची तर बसायचं कुठे?

"मुलीला निगोशिएशन-मेडिएशनमध्ये पुढे जायचंय, सर्टिफिकेट कोर्स कुठला करू दे?" लॉ कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की हा प्रश्न येतोच. पालक विचारतात, एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, मुलंही विचारतात. मी दरवेळी वेगळं उत्तर देतो अशी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सने कोणी मध्यस्थ होत नाही. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्राच्या यादीत यायला 40 तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि त्याच्या आधी वकिलीची बरीच वर्षं. 2023 च्या मध्यस्थी कायद्यानेही विद्यार्थ्यासाठी वेगळी खुर्ची मांडलेली नाही. तेव्हा शिकण्याच्या वयात हाती उरतं ते बघणं, टिपणं आणि सराव. हे कमी वाटत असेल तर सर्टिफिकेट घ्या, भिंतीवर छान दिसतं.

बघायला जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. तिथे सचिवांच्या नावे अर्ज द्यायचा, कॉलेजचं पत्र जोडायचं. 'नाल्सा'च्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, योजनेत विधी स्वयंसेवक म्हणून कायद्याचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी चालतात. लोकअदालतीच्या दिवशी मदत कक्षावर बसायला मिळतं. पण लोकअदालत म्हणजे मध्यस्थी नव्हे. एका दिवसात बँकवसुली आणि अपघात भरपाईच्या फायलींचा ढीग उपसायचा असतो. आकडा जुळला की सह्या, आणि त्या निवाड्यावर अपील नाही. घासाघीस दिसते, तंटा उलगडताना फारसा दिसत नाही. तो मध्यस्थी केंद्राच्या बंद दाराआड उलगडतो. तिथे बसायला दोन्ही पक्षांची आणि मध्यस्थांची हरकत नसावी लागते. फोन बाहेर ठेवा, आणि ऐकलेलं मित्रालाही सांगू नका.

एमएसडब्ल्यूवाल्यांनी महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षांकडे बघावं. मुंबई पोलिसांसोबत 'टिस'ने, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, 1984 मध्ये त्यांची सुरुवात केली. तिथे पहिला धडा उलटा मिळतो. मारहाण असेल तिथे 'दोघांनी थोडं थोडं सोडा' ही भाषा चालत नाही.

आता स्पर्धा. पूर्वी मी म्हणायचो, स्पर्धा म्हणजे कोट घालून केलेलं नाटक. पॅरिसला 2006 पासून भरणाऱ्या आयसीसीच्या (क्रिकेटची नव्हे, इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या) मध्यस्थी स्पर्धेतही मध्यस्थ असतात व्यावसायिक; विद्यार्थी होतात पक्षकार आणि त्याचा वकील. वकिलाने अशिलाला बोलू द्यायचं, हे तिथे गुण कापले गेल्यावर कळतं. तेही शिकणंच, तेवढं मी मागे घेतो. नाटक हा शब्द मात्र मागे घेत नाही.

सरावासाठी पॅरिसची गरज नाही. ही एक विहीर घ्या. दोन भाऊ, सामायिक विहीर, निम्मा-निम्मा हिस्सा, आठवड्याआड पाळी. मोटरला लागणारी थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. गणित करून बघा: थोरल्याची पाळी कायम रात्रीच्याच आठवड्यात येते. थोरला म्हणतो, मला स्वतंत्र मोटर बसवायचीय. धाकटा म्हणतो, बापाने लावून दिलेली पाळी मोडायची नाही. भाऊ झालेल्या दोन विद्यार्थ्यांना एकच सामाईक कागद द्यायचा आणि प्रत्येकाला एकेक गुप्त चिठ्ठी. थोरल्याच्या चिठ्ठीत: मोतीबिंदू झालाय, रात्री बांधावरून चालवत नाही, पण धाकट्याला कळलं तर तो 'जमीन मला बटईने दे' म्हणेल. धाकट्याच्या चिठ्ठीत: ठिबकसाठी कर्ज काढायचंय, बँक थोरल्याची संमती मागतेय.

मध्यस्थ झालेला विद्यार्थी थोरल्याला बाजूला घेतो. जरा वेळाने मोतीबिंदू बाहेर येतो. विद्यार्थ्याचे डोळे चमकतात, तो परत येतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, "दादांना रात्री दिसत नाही, त्यांना दिवसाची पाळी देऊ या." थोरला उठतो. पुढचा अर्धा तास तो फक्त "मला काही झालेलं नाही" एवढंच म्हणतो. धाकट्याची संमतीची चिठ्ठी खिशातच राहते.

हे हमखास होतं, हुशार मुलांकडून जास्त. कारण साधं आहे: बाजूच्या बैठकीतून उठताना "यातलं पलीकडे काय सांगू, काय नको?" हे विचारलेलंच नसतं. टिपणवहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे सांगायचं, उजवीकडे पोटात ठेवायचं. शंका असेल ते उजवीकडे. मग दोघांसमोर फक्त लाइटचं वेळापत्रक आणि पाळीचा तक्ता शेजारी ठेवा आणि विचारा, "हे असंच किती वर्षं चाललंय?" पाळी साडेतीन दिवसांवर आणली की दिवस-रात्र दोघांच्याही वाट्याला येते. ठिबक आलं तर पाणी कमी लागतं, रात्रीचे तासही घटतात. संमती आणि पाळी यांची सांगड दोघं आपापली घालतात. मोतीबिंदूचं नावही निघत नाही.

"पण सर, माझं उत्तर बरोबरच होतं ना?" हा प्रश्न दरवेळी येतो. उत्तर बरोबर होतं, सांगणारा चुकीचा होता, असं मी म्हणतो. मग मागच्या बाकावरचं, खेड्यातून आलेलं कोणीतरी हात वर करतं. तंटामुक्त गाव मोहीम 2007 च्या 15 ऑगस्टला सुरू झाली, तेव्हापासून त्याच्या गावात समिती आहे. तो म्हणतो, समितीतल्या प्रत्येकाला थोरल्याचा मोतीबिंदू ठाऊक असणार, धाकट्यालाही. तिथे कुणी सरळ म्हणेल, "अरे, त्याला दिसत नाही, दे की दिवसाची पाळी," आणि कदाचित मिटूनही जाईल. मग ही उजवी बाजू कुणासाठी?

मी त्याला कायद्यातली गोपनीयता सांगतो. सगळ्या गावासमोर 'हो' म्हणणं आणि मनातून 'हो' म्हणणं यातला फरक सांगतो. त्याचं समाधान होत नाही, आणि खरं तर माझंही होत नाही. तरी पुढच्या सरावात "यातलं पलीकडे काय सांगू, काय नको?" हे विचारल्याशिवाय मी कोणाला बाजूच्या बैठकीतून उठू देत नाही.