लंडनमधला नाशिककरांचा दिवस : हायगेट ते चॉक फार्म

लंडनला निघालेल्या प्रत्येकाच्या यादीत टॉवर ब्रिज, बिग बेन आणि बकिंगहॅम पॅलेस असतंच. ते बघाच, त्यांची माहिती कुठेही मिळेल. पण नाशिकहून जाणाऱ्याने एक दिवस शहराच्या उत्तर भागासाठी राखून ठेवावा. तिथल्या एका घरात भगूरचे विनायक दामोदर सावरकर राहत होते. दुसऱ्या घरात राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०) आणि येवल्याची घोषणा (१९३५) या त्यानंतरच्या गोष्टी. दोन्ही घरं भुयारी रेल्वेच्या एकाच, नॉर्दर्न लाइनवर आहेत.

आधी कार्डाचं बघा, कारण पहिला घोळ तिथेच होतो. लंडनमध्ये वेगळं तिकीट काढायची गरज नसते. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड गेटवर टेकवलं की झालं. मात्र आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातले व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी बहुधा बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्या नाशिकमध्येच चालू करून घ्या. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं हवं, रुपेच्या भरवशावर जाऊ नका. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. एका कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. बँक परकीय चलनाचे जादा पैसे लावत असेल तर ऑयस्टर कार्ड घेऊन त्यात पैसे भरा, भाडं तेवढंच पडतं.

दिवसभर कितीही फिरलात तरी भाडं एका ठरावीक मर्यादेपुढे जात नाही. पण हा हिशेब कार्डानुसार होतो. सकाळी फोन टेकवला आणि संध्याकाळी कार्ड, तर ते कार्ड एकाच खात्याचं असलं तरी यंत्रणा दोन वेगळे प्रवासी धरते. आत जाताना एक आणि बाहेर पडताना दुसरं टेकवलंत, तर दोन्हीकडे अपुरा प्रवास मानून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं, उतरताना नाही. तिथे रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत भाडं नाही. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी ऑयस्टरवर पाहुण्यांची अर्ध्या भाड्याची सवलत स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून घालून घ्यावी लागते. ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

मुक्काम यूस्टन किंवा किंग्ज क्रॉसच्या आसपास असेल तर उत्तम. हीथ्रोहून पिकॅडिली लाइन थेट किंग्ज क्रॉसला येते आणि नॉर्दर्न लाइन दोन्ही स्टेशनांवर मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर निघा; त्याआधी गर्दी असते आणि भाडंही चढं असतं.

नॉर्दर्न लाइन मात्र नवख्याला हमखास चकवते. कॅम्डेन टाउनच्या पुढे तिला दोन फाटे फुटतात, एक एजवेअरकडे आणि दुसरा हाय बार्नेटकडे. सावरकरांचं घर हाय बार्नेटच्या फाट्यावर आहे (स्टेशन आर्चवे) आणि बाबासाहेबांचं एजवेअरच्या (स्टेशन चॉक फार्म). म्हणून फलाटावरच्या पाटीवर गाडी कुठे जाणार ते वाचूनच चढा. आर्चवेला निघालात आणि कॅम्डेन टाउननंतर चॉक फार्म आलं, तर गाडी चुकली. तिथेच उतरा, गेटबाहेर न पडता समोरच्या फलाटावरून कॅम्डेन टाउनला परत या आणि गाडी बदला. बाहेर न पडल्यामुळे जादा भाडं लागत नाही.

पहिल्यांदा आर्चवे करा, कारण तिथे चढ आहे आणि सकाळी पाय ताजे असतात. स्टेशनवरून हायगेट हिलच्या रस्त्याने वर चालत गेलं की क्रॉमवेल ॲव्हेन्यू लागतो. तिथलं ६५ क्रमांकाचं घर म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये उघडलेलं इंडिया हाउस. कायद्याच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये लंडनला आलेले सावरकर इथे राहत होते. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यांचं ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या पिस्तुलांपैकी होतं. पुढे १३ मार्च १९१० ला सावरकरांना व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. घरावर त्यांच्या नावाची गोल निळी पाटी आहे. आत लोक राहतात, त्यामुळे घंटा वाजवू नये, पायऱ्यांवर बसून फोटो काढू नयेत. फुटपाथवरून पाटी नीट दिसते. दहा मिनिटांत बघून होतं, म्हणून वाटेतल्या वॉटरलो पार्कमध्ये थोडं थांबा. त्याला लागूनच हायगेटची दफनभूमी आहे आणि तिच्या पूर्व भागात कार्ल मार्क्सची समाधी. तिथे प्रवेशाला पैसे पडतात.

परत आर्चवेहून कॅम्डेन टाउन, तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन चॉक फार्म. बाहेर पडून रेल्वेवरचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर किंग हेन्रीज रोड आणि त्यावर १० क्रमांकाचं घर. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ही वास्तू २०१५ मध्ये विकत घेतली आणि तिथे बाबासाहेबांचं संग्रहालय केलं. राहत्या वस्तीत संग्रहालय नको, असा आक्षेप आला होता. सरकारी चौकशी होऊन २०२० मध्ये परवानगी मिळाली. हे लक्षात ठेवून बाहेर आवाज कमी ठेवा, मोठ्या गटाने रस्ता अडवू नका. इथे आत जाता येतं आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री करा. घाईने फिरून बाहेर पडू नका. या भेटीला निदान तासभर द्यायलाच हवा.

तिथून पायी जवळच प्रिमरोझ हिल आहे. टेकडी लहानशी, पण सगळं मध्य लंडन समोर दिसतं. डिसेंबरमध्ये चारच्या आधी सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात गेलात तर दफनभूमी वगळा. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो.

जेवायला यूस्टनला उतरा. स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं.

ग्रेज इन याच दिवसात कोंबू नका. सावरकर आणि आंबेडकर दोघेही कायद्याच्या या संस्थेचे विद्यार्थी. सावरकरांना परीक्षा होऊनही बॅरिस्टरची सनद नाकारली गेली, बाबासाहेब बॅरिस्टर झाले. ती वास्तू चान्सरी लेन स्टेशनजवळ आहे आणि ब्रिटिश म्युझियमपासून चालत जाता येतं, म्हणून म्युझियमच्या दिवशीच ती करा. तो कामाचा वार असू द्या. बाग लोकांसाठी दुपारच्या सुटीच्या वेळेत उघडी असते, शनिवार-रविवारी फाटक बंद मिळेल.