दुपार वगळून पाहिलेली श्रीलंका

अक्षांश बघितले तर कोल्हापूरही उष्ण कटिबंधातच आहे, साधारण १७ अंश उत्तर. त्यामुळे "श्रीलंकेत लई उकडतंय म्हणं" असं कुणी म्हणालं की आमच्या आण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, उत्तर ठरलेलं, "मे महिन्यात बिंदू चौकात येऊन हुबा ऱ्हा आधी." पण कोल्हापूर पठारावर आहे आणि श्रीलंका ६ ते १० अंशांत, चारी बाजूंनी समुद्र. ऊन आपल्या ओळखीचं असलं तरी हवा ओळखीची नाही. किनाऱ्यावर डिसेंबरातसुद्धा अंगावरचा घाम वाळत नाही, आणि सत्तरीच्या माणसाला थकवते ती हीच गोष्ट.

२०२३ च्या नाताळच्या सुटीत आम्ही गेलो. आई म्हणजे माझ्या सासूबाई, आण्णा, नवरा, मी, सातवीतली लेक आणि तिसरीतला मुलगा. डिसेंबर ठरवला तो पावसाचा हिशेब करून. या बेटाला दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याला झोडपतो, तर डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस पूर्वेला, त्रिंकोमालीकडच्या बाजूला असतो. म्हणून "श्रीलंकेला कधी जावं?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "कुठल्या किनाऱ्याला?" त्या वेळी भारतीयांना व्हिसाचं शुल्क नव्हतं, ऑनलाइन परवानगी मात्र काढावी लागली. हे नियम बदलत राहतात, तेव्हा जायच्या आधी बघून घ्या.

एका प्रवास कंपनीच्या यादीत गावांची अशी काही गर्दी होती की वाचूनच दम लागला. नवऱ्याने पेन घेतलं आणि निम्मी गावं खोडली. सिगिरिया, कँडी, एला आणि गॉल, एवढंच ठेवलं. नकाशावर हा देश छोटा दिसतो, पण सिगिरिया ते कँडी या नव्वदेक किलोमीटरला तीन तास लागतात. रस्ते चांगले आहेत, पण अरुंद. गावं एकमेकांना चिकटलेली, आणि त्यात टुकटुक, म्हणजे आपली रिक्षा.

घड्याळ बदलावं लागत नाही, तिथली वेळ आपलीच. सूर्य मात्र आपल्या वेळेला उगवत नाही. डिसेंबरात कोल्हापुरात उजाडायला सात वाजतात, तिकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला काळोख. हे कळल्यावर आमचा दिवस आपोआप बसला. पहाटे उठायचं, साडेदहा-अकरापर्यंत जे बघायचं ते बघायचं, चारपर्यंत सावली गाठून पडून राहायचं. मुलांनी पहिल्या दिवशी कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी तीच आधी झोपली.

सिगिरियाला याचा फार उपयोग झाला. पाचव्या शतकात काश्यप राजाने एका उभ्या कातळावर बांधलेली ही राजधानी. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या. आम्ही दार उघडायच्या वेळेलाच हजर होतो, त्यामुळे उतरताना जे घामाघूम चेहरे वर येत होते त्यांच्यात आमचा एकही नव्हता. आईंनी खालच्या बागांपर्यंतच यायचं आधीच ठरवलं होतं. आण्णा मात्र "जोतिबा चढणाऱ्याला हे काय" म्हणत निघाले, आणि चढले. सिंहाच्या प्रचंड पंजांपाशी गांधीलमाश्यांचा इशारा देणाऱ्या पाट्या आहेत, आवाज करू नका म्हणून. आमचा धाकटा आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ गप्प होता. तिकीट काढताना पासपोर्ट जवळ ठेवा. आम्ही गेलो तेव्हा सार्क देशांच्या, म्हणजे भारत आणि शेजारच्या देशांच्या, नागरिकांना इतर परदेशी पर्यटकांच्या निम्म्या दरात तिकीट मिळायचं, आणि ते तिकीट मुळात इतकं महाग होतं की निम्मं म्हणजे खरंच मोठी बचत.

कँडीला पोचलो तो शुक्रवार. अंबाबाईचा वार, म्हणून आई मंगळवारी आणि शुक्रवारी मांसाहार करत नाहीत. सकाळी ताटात इंदिआप्पा आले, वाफवलेल्या तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, त्यासोबत किरी होदी आणि पोल सांबोल. किरी होदी म्हणजे नारळाच्या दुधाचा पातळ रस्सा, त्यात कांदा, कढीपत्ता, मेथीदाणे आणि थोडी हळद. आईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "मटण न घातलेला पांढरा रस्साच की गं हा." सांबोल म्हणजे खोबऱ्याची लालभडक ओली चटणी. ती त्या उचलणार तेवढ्यात लेकीने वेटरला विचारलं. त्यात उंबलकडा होता, मालदीवचा वाळवलेला मासा, कुटून घातलेला. दिसत नाही, पण चटणीत, भाजीत, कशातही असू शकतो. पुढे मंगळवार-शुक्रवार असो वा नसो, प्रत्येक हॉटेलात आमचा पहिला प्रश्न "उंबलकडा आहे का?" हाच. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. शाकाहारी माणसाची उपासमार मात्र होत नाही. परिप्पू म्हणजे मसूरडाळीचं नारळातलं वरण, आणि कोवळ्या फणसाची पोलोस नावाची भाजी तर अशी की आण्णांनी मटण बाजूला सारून ती दोनदा घेतली.

दलदा मालिगावात, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिरात, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. चपला बाहेर. आत ढोल वाजत होते आणि लोक कमळांची ताटं घेऊन शांतपणे पुढं सरकत होते. दात दिसत नाही, तो पेटीत असतो. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथं अपमानाचं समजतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. सेल्फीची सवय हाडात असते.

कँडी ते एला ही निळी रेल्वे सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते, म्हणून थोडक्यात. आरक्षण महिनाभर आधी सुटतं आणि झटकन संपतं. बाहेर चहाचे मळे. १८६० च्या दशकाअखेर कॉफीवर तांबेरा पडला, पुढच्या काही वर्षांत कॉफीचे मळे बुडाले आणि तिथं चहा आला. तो चहा तोडायला दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांची नातवंडं-पतवंडं आजही त्याच उतारांवर पाठीला टोपली बांधून उभी आहेत. गाडीच्या दारात लोंबकळून फोटो काढून घेणाऱ्या पर्यटकांना ती दिसतात की नाही कोण जाणे. चहाच्या कारखान्यात आण्णांना कळलं की टपरीवरच्या आपल्या कडक चहाची पूड म्हणजे चाळणीतून शेवटी पडणारा 'डस्ट'. ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "असूंदे, रंग त्यालाच येतोय."

२६ डिसेंबरला आम्ही गॉलमध्ये होतो. त्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. आईंचा जीव नरसोबाच्या वाडीत. श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोया असतो, सरकारी सुटी, दारूची दुकानं बंद, पांढरे कपडे घालून लोक विहारात. मार्गशीर्षातला पोया संघमित्रेचा, अशोकाच्या लेकीने बोधिवृक्षाची फांदी लंकेत आणली तो. २००४ मध्येही २६ डिसेंबरला पोया होता. सुटीची गर्दी घेऊन कोलंबोहून निघालेली रेल्वे गॉलच्या अलीकडे पेरालियाला थांबली होती. सुनामीच्या पहिल्या लाटेनंतर गावातली माणसं आसऱ्याला डब्यांवर चढली, डब्यांच्या आड उभी राहिली. दुसरी लाट डब्यांसकट सगळ्यांना घेऊन गेली. हजाराहून जास्त माणसं. जगातला सर्वांत मोठा रेल्वे अपघात तो हाच. सकाळी साडेनऊच्या जरा आधी त्या स्मृतीत देशभर दोन मिनिटं शांतता पाळतात. आम्ही पेरालियाच्या रस्त्याकडेला उभे होतो.

लेकीने विचारलं, "कुणी सांगितलं नाही त्यांना?"

तिचा प्रश्न साहजिक होता. २०१९ च्या महापुरात ती लहान होती, पण 'राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर' हे घरात दर तासाला विचारलेलं तिला आठवतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आपली पंचगंगा फूट-फूट मोजत येते, माणसाला सामान वर चढवायला वेळ देते. समुद्राने तो दिला नव्हता, आणि त्या वेळी हिंद महासागरात सुनामीची सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. नवऱ्याने तिला एवढंच सांगितलं की समुद्र अचानक आत ओढला गेलेला दिसला तर शिंपले वेचायला थांबायचं नाही, उंचावर पळायचं. त्या दिवशी गॉलजवळच्या उनावटुनाच्या पाण्यात उतरायच्या आधी धाकट्याने स्वतःहून हॉटेलच्या माणसाला विचारलं, उंच जागा कुठली. त्याने टेकडीवरचा पांढरा स्तूप दाखवला.

पैशाचं सांगायचं तर आपल्या एका रुपयाला तिकडचे जवळपास चार मिळाले, त्यामुळे बिलं भयंकर दिसतात आणि असत नाहीत. ड्रायव्हर मसाल्याच्या बागेत थांबवतात, तिथं सगळं तिप्पट. दालचिनी घ्यायची तर बाजारात घ्या. खरी सिलोन दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची गुंडाळी असते, आपल्याकडे येणारी जाड साल बहुतेक वेळा कॅसिया.

आणि दही. दक्षिणेत रस्त्याकडेला मातीच्या गाडग्यांत म्हशीचं दही मांडलेलं असतं, वर घालायला किथुल पनी, भेर्ली माडाच्या रसाची काकवी. रात्री गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिण्यात आण्णांची हयात गेलेली. त्यांनी गाडगं उलटं करून बघितलं, दही पडलं नाही, मग खाल्लं. ही काकवी हँडबॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात. मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळा. आमच्या बाटल्या अशाच मुंबईपर्यंत आणि तिथून महालक्ष्मी एक्स्प्रेसने घरी आल्या. त्यातली एक आण्णांनी त्याच आठवड्यात कट्ट्यावरच्या मित्रांना चाखवून संपवली, आणि आता दुसरीवर आईंनी नाव घालून ठेवलंय.