खुर्च्यांचा आठवडा

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो. त्यात वचन नसतं, प्रार्थना नसते. ‘उद्या हार्बरवर मेगाब्लॉक आहे, पनवेल-वाशीच्या बंधुभगिनींनी लवकर निघावे.’ उपासनेचा वार आणि रेल्वेच्या दुरुस्तीचा वार मुंबईत एकच, त्याला कुणाचाच इलाज नाही. निरोप वाचून सगळ्यात आधी हिशेब मांडतात ते हॉल सांभाळणारे काका. पनवेलवाले अर्धेच येणार, म्हणजे मागच्या दोन रांगा लावायला नकोत.

चेंबूरच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आमचं बॅप्टिस्ट चर्च भरतं. चर्च म्हटलं की लोकांना मनोरा, घंटा, रंगीत काचा आणि सागवानी बाकं हवी असतात. म्हणून नवा माणूस पत्ता विचारत आमच्या दारावरून दोनदा पुढे जातो. आमच्याकडे भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस आहे आणि बाकांच्या जागी मरून रंगाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘बॅ. चर्च’ असं लिहिलंय. शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांची बरीच वर्षं समजूत होती, की हे कुण्या बॅरिस्टरने बांधून दिलेलं चर्च आहे.

या खुर्च्या कधीच एका जागी राहत नाहीत. रविवारीच बघा. सकाळी इंग्रजी उपासना, मग मराठी, दुपारी तेलुगू, संध्याकाळी ईशान्येकडची मुलं. दोन उपासनांच्या मध्ये मिळतात जेमतेम पंधरा मिनिटं. इंग्रजीवाल्यांना सरळ रांगा लागतात. मराठीला मध्ये वाट सोडावी लागते, कारण आमच्याकडची जुनी माणसं अजून बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला अशीच बसतात. कुणी सांगितलेलं नाही, पण बसतात. तेलुगूवाले निम्म्या खुर्च्या भिंतीला लावून सतरंज्या अंथरतात. आणि संध्याकाळची मुलं गिटारभोवती अर्धगोल करतात. २०११च्या जनगणनेत नागालँडमधले सुमारे ८८ टक्के लोक ख्रिस्ती होते आणि त्यांतले बहुतेक बॅप्टिस्ट. तिथली मुलं मुंबईत आली की आधी खोली शोधतात, मग चर्च. मध्येच गिटार बाजूला ठेवून चार वेगवेगळ्या आवाजांत, वाद्याशिवाय गायला लागली की आमची मराठी मंडळी चप्पल शोधण्याच्या निमित्ताने दारात रेंगाळते.

आमच्या मराठी उपासनेत पेटी-तबला असतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला, तोही बॅप्टिस्टांकडे नव्हे, अमेरिकन मिशनकडे. तरी त्यांच्या पदांवाचून आमचा एक रविवार जात नाही. गाणं, वचन, संदेश सगळं वेळेत होतं. वेळ खातात त्या सूचना. कुणाची शस्त्रक्रिया, कुणाचं बारसं, कुणाची छत्री राहिली. मग अर्पणाची मखमली पिशवी फिरते आणि तिच्या मागोमाग क्यूआर कोडचा पुठ्ठा. पिशवीत मूठ घालताना कुणी किती टाकलं ते कळायचं नाही, ही मोठी सोय होती. आता फोन मोठ्याने रक्कम बोलून दाखवतो. मला तो पुठ्ठा अजिबात आवडत नाही.

आम्ही बहुतेक जण मूळचे नगर-जालन्याकडचे, वेगवेगळ्या मिशनांतून आलेले. मुंबईत माणूस पंथ बघून चर्च निवडतोच असं नाही, स्टेशनपासूनचं अंतर बघूनही निवडतो. आमचंही तसंच झालं. पण बॅप्टिस्टांकडे एक अडचण होती. हे लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. मूल झालं की त्याला पुढे आणून प्रार्थना करतात, बास. बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतः विचार करून, चारचौघांत कबुली देऊन, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडून. इंग्लंडमधून परागंदा होऊन ॲमस्टरडॅमला राहिलेल्या मूठभर लोकांनी, बाप्तिस्मा मोठेपणीच या हट्टापायी, १६०९ साली पहिली बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे चर्च, उभी केली. त्यांचा पुढारी जॉन स्मिथ. त्याला बाप्तिस्मा द्यायला योग्य असं दुसरं कुणी सापडेना, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला दिला. तेव्हा पाणी डोक्यावर ओतत. बुडवण्याची रीत काही दशकांनी आली. माझ्या आजीला हे काही पटलं नाही. ‘मला नगरला पाळण्यात असतानाच दिलाय, कागद दाखवू का?’ असं म्हणून ती विषय संपवायची. सभासद नसल्यामुळे तिला मंडळीच्या सभेत मत नव्हतं. ‘मत नसलं म्हणून काय झालं, तोंड आहे की,’ ती म्हणायची आणि पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची धरून बसायची.

बाप्तिस्म्याचा हौद आमच्या व्यासपीठाखाली आहे. एरवी त्यावर फळ्या आणि गालिचा असतो आणि पाळकसाहेब त्याच्यावर उभे राहून संदेश देतात. वर्षातून एक-दोनदा फळ्या निघतात. मग खरी परीक्षा महापालिकेच्या पाण्याची. आमच्या गल्लीत पाणी येतं पहाटे, तेही दोन-अडीच तास. त्यात इमारतीच्या टाक्या भरायच्या की आमचा हौद, यावर शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावं लागतं. शुक्रवारपासून पाईप लावून थोडं थोडं भरत जातात. आमच्या तेलुगू मंडळीतले म्हातारे हे बघून हसतात. त्यांच्याकडे १८७८ची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मोठ्या दुष्काळानंतर आंध्रातल्या ओंगोलच्या बाजूला गुंडलकम्मा नदीत एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला होता. आणि आम्ही इथे पाच जणांसाठी तीन पहाटे नळाशी जागतो.

त्या रविवारी पांढरे झगे घालून पाच जण पायऱ्यांनी उतरतात. झग्याच्या काठात शिशाचे तुकडे शिवलेले असतात, नाहीतर झगा पाण्यावर फुगून येतो. पाळकसाहेब विचारतात, माणूस ‘होय’ म्हणतो, नाकावर रुमाल धरतो, आणि एका क्षणात सगळा पाण्याखाली. वर येतो तेव्हा केस चपटे, डोळे गच्च मिटलेले, समोरून सगळी मंडळी गात असते. पन्नाशीचा बँकेतला साहेबही त्या वेळी शाळकरी पोरगा दिसतो. मी कितीही वेळा पाहिलं तरी माझं लक्ष त्याच्या बायकोकडे जातं. ती टॉवेल घेऊन पायरीवर उभी असते आणि त्याला सर्दी होईल या काळजीने तिला गाणं सुचत नाही. नंतर ते पाणी वाया जात नाही. आवार धुतलं जातं, कुंड्यांना जातं, उरलेलं समोरच्या गॅरेजवाला बादल्यांनी नेतो.

बॅप्टिस्टांचा आणि मराठीचा संबंध मात्र मुंबईतून जुळला नाही, तो बंगालमधून. विल्यम केरी हा इंग्लंडातला चांभारकाम करणारा माणूस, बॅप्टिस्ट मिशनरी होऊन १७९३ साली बंगालमध्ये उतरला. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायला लागला. त्याच कॉलेजातल्या वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली कोश. मराठी माणूस बोलतो कसा हे त्याने हुगळीच्या काठी बसून शिकून घेतलं. आमच्या शब्बाथशाळेतल्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांना ही गोष्ट सांगितली की ती इंग्रजीत विचारतात, ‘पण का?’

सोमवारी पाळकसाहेबांची सुट्टी आणि खुर्च्यांचीही; एकावर एक रचलेल्या असतात. मंगळवारी सकाळी शिवणवर्ग. पायमशिनी भिंतीशी लागतात, खुर्च्या त्यांच्यापुढे. बाप्तिस्म्याचे झगे याच वर्गात शिवले जातात, शिशासकट, आणि शिवणाऱ्या बायकांतल्या बऱ्याच जणी कधी रविवारी इकडे फिरकतही नाहीत. बुधवारी संध्याकाळी घरसभा. ती कुणाच्या तरी वन रूम किचनमध्ये असते, म्हणून सहा-सात खुर्च्या रिक्षात घालून बाहेर पडतात. आत प्रार्थना, बाहेर व्हरांड्यात चपलांचा ढीग, आणि शेवटी बटाटेवडे. माझं प्रामाणिक मत असं, की काही घरी हजेरी जास्त असते ती वड्यांमुळे.

गुरुवारी संध्याकाळी खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात. ती आमची सभा नाही. दारू सोडलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि जगभर अशाच हॉलांतून, शाळांच्या वर्गांतून चालते. त्यांचा नियम आहे, कुणाकडून काही फुकट घ्यायचं नाही. आपसांत डबा फिरवून जमेल ते हॉलभाडं ते देतातच, आमच्या खजिनदारांनी ‘राहू द्या’ म्हटलं तरी. आत काय बोलतात ते आम्हाला माहीत नाही, आणि माहीत असूही नये. जाताना खुर्च्या जशा होत्या तशा रचून ठेवणारे आठवड्यात तेवढेच.

शुक्रवारी उपवास-प्रार्थना. शनिवारी सकाळी दवाखाना: रक्तदाब, साखर, सर्दी-खोकला, आणि महिन्यातून एकदा डोळे. मागच्या वस्तीतल्या बायका सातपासून नंबर लावतात, म्हणजे खुर्चीवर पिशवी ठेवून जातात. या दवाखान्यावरून आमच्यात एकदा चांगलंच वाजलं होतं. रांगेत बसलेल्यांना पत्रकं वाटावीत, असं काही उत्साही मंडळींचं म्हणणं. वाटायची नाहीत, असं दुसऱ्यांचं. शेवटी मतदान झालं आणि दवाखान्यात पत्रक नाही, असा ठराव झाला. मला विचाराल तर तो आमच्या मंडळीने केलेल्या शहाण्या ठरावांपैकी एक आहे. तपासायला आलेल्या बाईचा दंड पट्ट्यात अडकलेला असताना तिला काही ऐकवणं बरं नव्हे. दुपारी गायनमंडळाचा सराव, आणि महिन्याचा पहिला रविवार दुसऱ्या दिवशी असेल तर एक मावशी मागच्या गॅसवर मनुका उकळत असतात. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतल्या विधीला, आमच्याकडे दारू नसते, हा मनुकांचा रस असतो, बोटाएवढ्या पेल्यांतून.

२६ जुलै २००५ची आठवण जुने लोक काढतात. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ऑफिसांतून निघालेली माणसं रस्त्यातच अडकली. हॉल थोडा उंचावर असल्याने कोरडा होता. रात्रभर कुठली कुठली माणसं दोन खुर्च्या जोडून झोपली होती. सकाळी निघताना एकाने विचारलं म्हणे, ‘ही शाळा कुठली?’

खुर्च्या उसन्याही जातात. १४ एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमाला, गणपतीत कोपऱ्यावरच्या मंडळाला, कुणाच्या सत्यनारायणाला, कुणाच्या दहाव्याला. परत येतात तेव्हा संख्या बरोबर असते, पण खुर्च्या बरोबर असतातच असं नाही. सध्या आमच्या तिसऱ्या रांगेत एका सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचं नाव पाठीवर असलेली निळी खुर्ची आहे आणि आमची एक मरून तिकडे कार्यकर्त्यांच्या बुडाखाली. बदलून घ्या, असं दोन्हीकडचे दरवर्षी म्हणतात. कापणीच्या सणाच्या लिलावात तर एकदा कुणीतरी ती निळी खुर्चीच पुकारली. गावाकडे या सणाला ज्वारी, कोंबड्या, भोपळे आणून लिलाव करतात. आम्ही चेंबूरच्या मंडईतून भोपळा विकत आणतो, मग एकमेकांवर चढवत हजार-अकराशेला घेतो, परत दान करतो आणि पुन्हा पुकारतो. निळ्या खुर्चीला चारशेची बोली लागली तेव्हा काकांनी लिलाव थांबवला.

बॅप्टिस्टांत बिशप नसतो. वरून आदेश येत नाही. पाळक कोण, पंखा कुठल्या कंपनीचा, रंग काढायचा की नाही, सगळं सभासदांनी हात वर करून ठरवायचं. आमची वार्षिक सभा ज्याने पाहिली त्याला कुठल्याही हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा परकी वाटणार नाही. फक्त सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थना. गेल्या सभेत एका सभासदाच्या परदेशातल्या भावाचं पत्र वाचून दाखवलं गेलं. तो सागवानी बाकं द्यायला तयार होता, जमिनीला बोल्टने पक्की केलेली, पाठीवर आईच्या नावाची पट्टी. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. चर्च चर्चसारखं दिसेल, असं ते म्हणालेही. मग शिवणवर्गाच्या बाईंनी विचारलं, मशिनी कुठे ठेवायच्या? तेलुगूवाल्यांनी सतरंज्यांचं विचारलं. कुणीतरी गुरुवारच्या गोलाचं काढलं. काका एरवी सभेत तोंड उघडत नाहीत. ते उठून म्हणाले, ‘बाकं लावा. पण मग गणपतीवाल्यांना काय द्यायचं ते तुम्हीच सांगा.’

हात वर झाले, खजिनदारांनी दोनदा मोजले, बाकं पडली. पाळकसाहेबांचं मत बाकांना होतं, पण त्यांचंही एकच. दात्याला कळवलं की बाकांऐवजी नव्या खुर्च्या दिल्यात तर उपकार होतील. त्याने लगेच होकार दिला, फक्त रंग तुम्ही निवडा म्हणाला. त्यावर आता दोन गट पडलेत. बायकांना निळा हवाय, मरूनवर शिवणाच्या खडूचे डाग दिसतात म्हणून. पुरुषांचं म्हणणं, निळा घेतला तर मंडळाच्या खुर्च्यांत आपल्या ओळखू कशा येणार? मतदान पुढच्या महिन्यात आहे, हार्बरवर मेगाब्लॉक नसेल त्या रविवारी.